वाचकांचे प्रश्न : ‘अंधाधुन’मधली माणसे पडद्याआधी कुठे होती?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे सांगली, कऱ्हाड, विटा, मिरज आणि सातारा येथून आली असून सर्वांचा रोख थरारपटांतील प्रमुख नटांच्या पूर्वायुष्याकडे आहे. उत्तरे देताना कथेची सुरुवात आणि थोडा मध्य सांगावा लागला आहे. शेवट कुठेही सांगितलेला नाही, त्यामुळे ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनीही निर्धास्तपणे वाचावे.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील काही कुटुंबे महिन्यातून एकदा गच्चीवर पडदा लावून चित्रपट पाहतात. मागच्या खेपेस ‘अंधाधुन’ पाहिला आणि नंतर चहाच्या वेळी वाद पेटला. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, असा चित्रपट पेलायला रंगभूमीचीच तालीम लागते आणि म्हणूनच त्यातील सगळे नाटकवाले असणार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, नायक तर रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून उचललेला आहे. खरे काय? या चित्रपटातील प्रमुख कलावंतांनी आधी काय काय केले होते, ते सविस्तर सांगावे. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : सांगलीकरांनी हा वाद घालणे स्वाभाविकच आहे. १८४३ साली ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्या गावात नट दिसला की तो कोणत्या मुशीतून आला हे आधी विचारले जाते. पण या प्रकरणात दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत, कारण ‘अंधाधुन’मधील चार महत्त्वाची माणसे चार निरनिराळ्या वाटांनी तिथवर आलेली आहेत, आणि दिग्दर्शक श्रीराम राघवन यांनी त्या वाटांचा वापर कथेतील एखाद्या पुराव्यासारखा करून घेतलेला आहे. माझ्या मते वाद नाटकवाला की रेडिओवाला असा घालण्यापेक्षा, या माणसांची जुनी ओळख प्रेक्षकाच्या मनात आधीच असताना तिचे येथे काय झाले, यावर घालण्यासारखा आहे.

चित्रपट ५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे मूळ २०१० सालच्या एका फ्रेंच लघुपटात आहे, ज्यात आंधळेपणाचे सोंग घेणारा पियानो जुळवणारा माणूस नको ते पाहून बसतो. राघवन यांनी ते बीज पुण्यात आणून लावले. राघवन स्वतः पुण्यातच वाढलेले आणि तिथल्याच चित्रपट संस्थेत शिकलेले असल्यामुळे, ते पुणे पर्यटकाला दाखवतात तसे दिसत नाही. आकाश नावाचा पियानोवादक आंधळेपणाचे सोंग घेऊन राहतो. एका जुन्या सिनेनटाच्या घरी, त्याच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त तो पियानो वाजवायला जातो आणि तिथे त्याला असे काही दिसते की, दिसले हे कबूल करणे म्हणजे जिवावर बेतणे.

आकाशची भूमिका करणारे आयुष्मान खुराना मूळचे चंदीगडचे. महाविद्यालयात असताना त्यांनी पथनाट्ये केली, विद्यार्थ्यांचे नाट्यगट उभे करण्यात पुढाकार घेतला आणि पंजाब विद्यापीठातून जनसंवादाचे शिक्षण पूर्ण केले. म्हणजे आपल्या ज्येष्ठ सदस्यांना हवी असलेली रंगभूमी येथे आहे. फक्त ती नाट्यगृहातली नसून चौकातली आहे, जिथे पडदा, प्रकाश आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षक यांपैकी काहीही नसते आणि थांबलेला माणूस कंटाळला की सरळ चालू लागतो. त्यानंतर एमटीव्हीच्या ‘रोडीज’ या स्पर्धेच्या दुसऱ्या पर्वाचे ते विजेते ठरले, दिल्लीत एका एफएम वाहिनीवर निवेदक म्हणून काम केले, मग दूरचित्रवाणीवर अनेक कार्यक्रमांचे सूत्रसंचालन केले आणि २०१२ साली ‘विकी डोनर’मधून चित्रपटात आले. त्या चित्रपटातील एक गाणेही त्यांनीच गायले होते, आणि पदार्पणातील अभिनयाबरोबरच गायनाचेही पारितोषिक त्यांना मिळाले. पुढची काही वर्षे ‘दम लगा के हैशा’, ‘बरेली की बर्फी’, ‘शुभ मंगल सावधान’ अशा चित्रपटांतून छोट्या शहरातला, जरासा बावळट, जरासा चलाख, पण मुळात निरुपद्रवी तरुण अशी त्यांची ओळख पक्की होत गेली.

आता ही ओळख या चित्रपटात कशी कामाला येते ते पाहावे. आकाश हा खोटे बोलणारा, लोकांच्या दयेवर फायदा उकळणारा माणूस आहे. तोच जर एखाद्या करड्या चेहऱ्याच्या नटाने केला असता, तर प्रेक्षकाने त्याच्यावर पहिल्याच दृश्यात काट मारली असती. येथे मात्र आपण त्याला हसून माफ करतो, कारण ‘बरेली की बर्फी’तला तो मुलगा आपल्या ओळखीचा आहे आणि ओळखीच्या माणसाचे छोटे खोटे आपण मोजत नाही. ती माफी पुढे आपल्याला चांगलीच महाग पडते, एवढेच सांगून थांबतो.

रेडिओ आणि सूत्रसंचालन यांविषयी आपल्या गच्चीवर जी नाराजी व्यक्त झाली, तिच्याबद्दल थोडे वेगळे सांगावेसे वाटते. सूत्रसंचालकाचा धंदाच असा आहे की समोर जे घडेल त्यावर चेहऱ्याने ताबडतोब बोलायचे, हसायचे, चकित व्हायचे. या चित्रपटातील मध्यवर्ती दृश्यात नेमकी उलट मागणी आहे. जमिनीवर प्रेत आहे, खोलीत खुनी आहेत, बोटे पियानोवर चालू आहेत आणि चेहऱ्यावर काहीही उमटता कामा नये. वर्षानुवर्षे प्रतिसाद देण्याची सवय लागलेल्या माणसाने प्रतिसाद गिळून टाकणे हे त्या दृश्याचे खरे ओझे आहे, आणि माझ्या पाहण्यात खुराना यांनी ते मानेच्या अगदी किंचित कलण्यावर आणि ओठांच्या कोपऱ्यावर पेलले आहे. पियानो वाजवल्याचे नाटक दिसू नये म्हणून त्यांनी चित्रीकरणापूर्वी त्याचे रीतसर धडे घेतले होते. गायनाची पार्श्वभूमी असल्याचा येथे निश्चित उपयोग झाला असणार. या भूमिकेसाठी त्यांना ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विकी कौशल यांच्यासह विभागून मिळाला, तर चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि रूपांतरित पटकथेचाही पुरस्कार मिळाला.

तब्बू यांची वाट याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या मागे नाटक नाही, रेडिओ नाही आणि अभिनयाची शाळाही नाही. जे शिकल्या ते कॅमेऱ्यासमोर. हैदराबादेत जन्मलेल्या तब्बू या शबाना आझमी यांची भाची. देव आनंद यांच्या १९८५ च्या ‘हम नौजवान’मध्ये त्या लहान वयात दिसल्या आणि नायिका म्हणून त्यांची सुरुवात १९९१ साली तेलुगूतल्या ‘कुली नंबर वन’ने झाली. हिंदीत ‘विजयपथ’नंतर नाव झाले, पण अभिनेत्री म्हणून त्यांच्याकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले ते गुलजार यांच्या ‘माचिस’ (१९९६) पासून. त्यासाठी आणि मधुर भांडारकर यांच्या ‘चांदनी बार’ (२००१) साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

मराठी प्रेक्षकाने मात्र एक चित्रपट विशेष आठवावा, तो म्हणजे महेश मांजरेकर यांचा ‘अस्तित्व’ (२०००), जो हिंदीबरोबरच मराठीतही झाला. त्यात सचिन खेडेकर यांच्यासमोर तब्बू यांनी अशा गृहिणीचे काम केले आहे, जिच्या संसारात अनेक वर्षांपूर्वीच्या संगीतशिक्षकाचे मृत्युपत्र येऊन पडते आणि तिचे जुने विवाहबाह्य नाते उघडे होते. त्या चित्रपटात आपण सारे तिच्या बाजूने उभे राहिलो होतो. ‘अंधाधुन’मधील सिमी हीदेखील नवऱ्याशी प्रतारणा करणारी बायकोच आहे आणि तिच्याही घरात संगीत वाजते आहे. योगायोग असेल, पण ज्याने ‘अस्तित्व’ पाहिला आहे, तो सिमीला दोषी ठरवायला इतरांपेक्षा दोन मिनिटे जास्त घेतो, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. ज्यांनी विशाल भारद्वाज यांचा ‘मकबूल’ पाहिला आहे त्यांची गोष्ट निराळी. शेक्सपिअरच्या लेडी मॅकबेथवर बेतलेली निम्मी त्यांना आठवते आणि सिमीने दार उघडताच ते सावध होतात. त्यानंतर ‘हैदर’मधली आई आणि निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’ (२०१५) मधली पोलीस महानिरीक्षक, अशा दोन आया त्यांनी केल्या, ज्यांत माया आणि निष्ठुरता एकाच चेहऱ्यावर नांदते. इतका गुंतागुंतीचा भूतकाळ असलेला चेहरा समोर आला की प्रेक्षकाला अंदाज बांधता येत नाही, आणि थरारपटाला याहून मोठी देणगी कोणती असणार?

तिसरे नाव राधिका आपटे यांचे, आणि येथे ज्येष्ठ सदस्यांनी एक गुण आपल्या खात्यावर मांडून घ्यायला हरकत नाही. पुण्यात वाढलेल्या राधिका यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि गणित यांचा अभ्यास केला, रोहिणी भाटे यांच्याकडे कथक शिकल्या आणि मोहित टाकळकर यांच्या ‘आसक्त’ या संस्थेतून प्रायोगिक नाटके केली. पुढे लंडनमध्ये राहून समकालीन नृत्याचे शिक्षणही घेतले. मराठीत ‘घो मला असला हवा’, ‘समांतर’, मग ‘तुकाराम’ (२०१२) मधील आवली आणि ‘लय भारी’ असा त्यांचा प्रवास आहे, आणि राघवन यांच्याच ‘बदलापूर’मध्ये त्या आधी होत्या. तरीही सांगावेसे वाटते की, चौघांत सर्वांत भक्कम नाट्यतालीम असलेल्या या अभिनेत्रीच्या वाट्याला ‘अंधाधुन’मध्ये सर्वांत कमी खोल भूमिका आली आहे. आकाशवर भाबडा विश्वास ठेवणारी सोफी त्यांनी निर्मळपणे केली असली, तरी त्यांच्या ताकदीचा अंदाज ज्यांना ‘तुकाराम’मधील आवलीवरून आलेला आहे, त्यांना येथे चुटपुट लागते. म्हणजे मोठी तालीम असली की मोठे काम मिळतेच असे नाही.

चौथी वाट अनिल धवन यांची आहे, तिच्याविषयी पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : ‘अंधाधुन’मध्ये जुना नट स्वतःची गाणी पडद्यावर पाहतो, ती गाणी चित्रपटासाठी नव्याने तयार केली आहेत का? (कऱ्हाड)

उत्तर : नाही, ती खरीच आहेत आणि त्यांतला तरुणही खरोखरच अनिल धवन आहेत. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेले धवन ‘चेतना’ (१९७०) पासून नायक म्हणून दिसू लागले. ‘हवस’ (१९७४) मधील रफींनी गायलेले ‘तेरी गलियों में’ आजही अनेकांना पाठ आहे, पण ते पडद्यावर कोणी म्हटले हे विचारले तर दहातील नऊ जण डोके खाजवतात. बासू चटर्जी यांच्या ‘पिया का घर’ (१९७२) मध्ये ते जया भादुरी यांचे नायक होते. तो चित्रपट राजा ठाकूर यांच्या मराठी ‘मुंबईचा जावई’वरून घेतलेला होता, हे कऱ्हाडच्या जुन्या प्रेक्षकांना सांगायची गरज नसावी. पुढे नायकपद गेले आणि ते चरित्रभूमिकांकडे वळले. डेव्हिड धवन हे त्यांचे बंधू आणि ‘बदलापूर’चे नायक वरुण धवन हे पुतणे.

राघवन यांनी या माणसाला प्रमोद सिन्हा हे नाव देऊन स्वतःच्याच जुन्या प्रसिद्धीच्या आठवणीत रमलेला नट म्हणून बसवले. घरातल्या पडद्यावर स्वतःचे तरुणपण पुन्हा पुन्हा पाहणारा आणि पाहुण्याकडून त्याच गाण्यांची फर्माईश करणारा हा माणूस आपल्याला थोडा हास्यास्पद आणि पुष्कळ लोभस वाटतो. म्हणूनच त्याच्या घरात जे घडते ते टोचते. एखादा अनोळखी नट घेऊन खोटी जुनी गाणी चित्रित केली असती, तर पटकथेत एका शब्दाचाही फरक पडला नसता, पण ती टोचणी गेली असती. नटाची खरी कारकीर्द हीच येथे पात्राची कारकीर्द आहे, आणि माझ्या माहितीच्या हिंदी थरारपटांत हा प्रयोग इतक्या नीटसपणे दुसऱ्या कोणी केलेला नाही.

प्रश्न : त्याच चित्रपटातील लॉटरीची तिकिटे विकणारी बाई आणि पोलीस निरीक्षकाची बायको या दोघी मराठी वाटल्या. त्यांची माहिती द्यावी. (विटा)

उत्तर : दोघीही मराठीच. आपला प्रश्न प्रमुख नटांच्या बाहेरचा आहे, पण चित्रपटाचा उत्तरार्ध पुष्कळसा याच दोघींच्या बळावर चालतो, म्हणून उत्तर देतो.

लॉटरीवाली सखू म्हणजे छाया कदम. राज्य पातळीवर कबड्डी खेळलेल्या या बाई वामन केंद्रे यांच्या कार्यशाळेतून अभिनयाकडे आल्या. ‘फँड्री’, ‘सैराट’ आणि ‘न्यूड’ या चित्रपटांतून त्यांची ओळख झाली आणि २०२४ साली ज्या भारतीय चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाली, त्यातही त्यांची महत्त्वाची भूमिका होती. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांतील कष्टकरी बाई म्हणून आपण त्यांना पाहिलेले असते, त्यामुळे सखूवर आपण डोळे झाकून विश्वास टाकतो; तो टाकावा की नाही, हे चित्रपट पाहूनच ठरवावे.

निरीक्षकाची बायको रसिका म्हणजे अश्विनी काळसेकर. आपल्या पिढीने त्यांना ‘सीआयडी’ मालिकेच्या सुरुवातीच्या काळात पोलीस अधिकारी म्हणून पाहिले, नंतर हिंदी मालिकांतून खलनायिका म्हणून पाहिले. राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’ आणि ‘बदलापूर’मध्येही त्या आहेत. पूर्वी वर्दी घालणारी बाई आता वर्दीवाल्या नवऱ्याला स्वयंपाकघरात फैलावर घेते, हे पाहताना माझ्याप्रमाणे इतरांनाही जुनी मालिका आठवून हसू आले असेल. मालिकेतले नट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्यांचे ते एक-दोन प्रवेश पुन्हा पाहावेत. हळदीच्या सौद्यात पोत्यावरचे गावाचे नाव वाचून कोणी बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग पाहतात. नटाच्या बाबतीत आपण तेवढीही तसदी घेत नाही.

प्रश्न : हल्लीचे थरारपट ठीक आहेत, पण मराठीत साठ वर्षांपूर्वी ‘पाठलाग’ झाला, त्याविषयी नव्या पिढीला काहीच ठाऊक नाही. त्याचे दिग्दर्शक मिरजेचे आणि नायक दंतवैद्य होते असे वडील सांगत. हे खरे का? हिंदीत त्यावरून निघालेल्या चित्रपटातील नायक पूर्वी बसच्या कचेरीत होते, असेही ऐकले आहे. (मिरज)

उत्तर : वडिलांची माहिती पक्की आहे. ‘पाठलाग’ (१९६४) चे दिग्दर्शक राजा परांजपे यांचा जन्म १९१० साली मिरजेत झाला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला असून गीते ग. दि. माडगूळकरांची आहेत, माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातले, म्हणजे या चित्रपटाची निम्मी नाळ आपल्याच जिल्ह्यात पुरलेली आहे. दत्ता डावजेकरांच्या चालीवर आशा भोसले यांनी गायलेले ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे त्यातलेच.

परांजपे यांच्याविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ या १९५२ च्या चित्रपटांनी ज्याने महाराष्ट्राला पोट धरून हसवले आणि ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ यांनी रडवले, तो माणूस रहस्यपट घेऊन आला, तेव्हा प्रेक्षक बेसावध होते. दिग्दर्शकाची पूर्वपीठिकासुद्धा अशी कामाला येते.

नायक डॉ. काशिनाथ घाणेकर मूळचे चिपळूणचे आणि शिक्षणाने दंतवैद्य. त्यांचे नाव झाले ते वसंत कानेटकर यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकातील संभाजीमुळे. ‘पाठलाग’ त्यानंतर दोनच वर्षांनी आला, आणि ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकातील लाल्याच्या भूमिकेने त्यांना जी अफाट लोकप्रियता मिळाली ती अजून यायची होती. म्हणजे ‘पाठलाग’ पाहायला गेलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे संभाजी ताजा होता, ज्याच्यावर बापासकट साऱ्यांचा संशय आहे आणि जो त्या संशयाने पेटून उठतो. ‘पाठलाग’मध्ये त्यांच्या वाट्याला उलटी बाजू आली. बायको मरण पावली असे मानून बसलेला वकील, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, मीच तुमची पत्नी आहे असे सांगणारी आरोपी स्त्री. ही दुहेरी भूमिका भावना यांची. पूर्वी संशयाने पोळलेला माणूस आता स्वतः संशय घेतो आहे, हे पाहण्यातली गंमत नाटक पाहिलेल्यांनाच कळली असणार.

हिंदी चित्रपट म्हणजे राज खोसला यांचा ‘मेरा साया’ (१९६६). त्याचे नायक सुनील दत्त हे फाळणीपूर्व पंजाबातील झेलमकडचे. मुंबईत शिकत असताना त्यांनी बेस्टच्या वाहतूक विभागात नोकरी केली, हे आपण ऐकलेले बरोबर आहे. मग ते रेडिओ सिलोनवर निवेदक झाले, १९५५ च्या ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’ने पडद्यावर आले आणि ‘मदर इंडिया’ने (१९५७) घराघरांत पोहोचले. विश्रामबागच्या मंडळींनी रेडिओवाल्या नायकाविषयी जी शंका घेतली, तिला साठ वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेले होते, ते असे. कोर्टात उलटतपासणी करणाऱ्या नायकाला चेहऱ्याइतकाच आवाज लागतो, आणि दत्त यांच्याकडे तो कमावलेला होता.

नायिका साधना यांचा भाग तर आणखी मजेचा आहे. कराचीत जन्मलेल्या साधना यांनी ‘अबाणा’ या सिंधी चित्रपटात काम केले आणि ‘लव्ह इन सिमला’ने (१९६०) त्या नायिका झाल्या, तिथून त्यांच्या कपाळावरच्या बटांची फॅशन देशभर पसरली. पण ‘मेरा साया’च्या दोनच वर्षे आधी, त्याच राज खोसलांच्या ‘वो कौन थी’मध्ये त्यांनी पावसातून येणारी पांढऱ्या साडीतली गूढ स्त्री केली होती. तो चित्रपट पाहिलेला प्रेक्षक ‘मेरा साया’मध्ये त्यांनी तोंड उघडण्याआधीच दोन तट पाडून बसत असे : या वेळीही बाई खरी आहे, किंवा या वेळी नक्की खोटी आहे. खोसला यांनी हे ओळखूनच नायिकेची निवड केली असावी असे मला वाटते, कारण पुढच्याच वर्षी ‘अनिता’मध्येही त्यांनी साधना यांनाच घेतले. मराठी आणि हिंदी असे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नये. गोष्ट तीच, पण नटांचा भूतकाळ बदलला की संशयाची जागा कशी सरकते, ते स्वच्छ दिसते.

प्रश्न : सातारचे दोन मोठे नट म्हणजे डॉ. श्रीराम लागू आणि सयाजी शिंदे. यांपैकी कोणी थरारपटात प्रमुख भूमिका केली आहे का? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : सयाजी शिंदे सातारा तालुक्यातल्या गावातले. पाटबंधारे खात्यात रखवालदाराची नोकरी करीत ते नाटकाकडे आले, वामन केंद्रे यांच्या ‘झुलवा’ने गाजले आणि ‘शूल’ (१९९९) मधल्या बच्चू यादवने देशभर ओळखले गेले. तो चित्रपट गुन्हेगारी आणि राजकारण यांवरचा आहे आणि त्यात ते खलनायक आहेत. दक्षिणेतही त्यांच्याकडे पुढे बहुतेक तशाच भूमिका आल्या, अपवाद कवी सुब्रह्मण्य भारती यांच्यावरील तमिळ चित्रपटाचा. तेव्हा आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर डॉ. लागू यांच्याकडेच आहे.

१९२७ साली साताऱ्यात जन्मलेले लागू पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले आणि काही काळ आफ्रिकेत टांझानियातही त्यांनी वैद्यकी केली. नाटक सोबत चालूच होते. व्यवसाय सोडून पूर्ण वेळ नट ते १९६९ साली झाले, म्हणजे वयाची चाळिशी उलटल्यावर. दुसऱ्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. ‘पिंजरा’तले (१९७२) मास्तर आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. १९७७ साली आलेला ‘इन्कार’ हा अकिरा कुरोसावा यांच्या १९६३ च्या जपानी चित्रपटावरून घेतलेला शुद्ध थरारपट आहे, आणि त्यात लागू जोड्यांच्या धंद्यातील मोठे उद्योजक आहेत. अपहरण त्यांच्या मुलाचे व्हायचे असते, पण गुन्हेगार चुकून नोकराच्या मुलाला उचलतात. आता दुसऱ्याच्या मुलासाठी स्वतःची सारी पुंजी द्यायची का, हा पेच आहे. विनोद खन्ना पोलीस अधिकारी आहेत, ज्यांना प्रेक्षकांनी आधी ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये डाकू म्हणून पाहिले होते, आणि अपहरणकर्ता अमजद खान, ‘शोले’नंतर दोनच वर्षांनी. तिघांचाही भूतकाळ प्रेक्षकाला पाठ आहे. मराठी माणूस मात्र ‘पिंजरा’तल्या मास्तरांकडेच पाहत राहतो आणि हे शेवटी तत्त्वाला जागतील की पैशाला, याचा ठोकताळा त्यांच्या त्या जुन्या अधःपतनावरून बांधत राहतो.

मात्र आपण सातारचे आहात, तेव्हा ‘सामना’ विसरून चालणार नाही. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. विजय तेंडुलकरांनी लिहिलेली ही गोष्ट साखर कारखान्याच्या मुलखातली असल्याने ती राजकीय म्हणून ओळखली जाते, पण तिचा सांगाडा रहस्यपटाचा आहे. गावातून एक माणूस नाहीसा झाला आहे आणि कुठून तरी येऊन पडलेला एक दारुडा मास्तर त्याचे काय झाले, हे विचारणे थांबवत नाही. मास्तर म्हणजे लागू, आणि ज्याला हा प्रश्न विचारला जातो तो हिंदुराव पाटील म्हणजे निळू फुले. फुले लोकनाट्यांतून आलेले, ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) ने चित्रपटात स्थिरावलेले आणि तोवर खलपुरुष म्हणून इतके ठसलेले की, हिंदुराव नुसता खुर्चीत बसला तरी गुन्हा झालाच असणार अशी प्रेक्षकाची खात्री होई. पटेल-तेंडुलकर यांनी त्या खात्रीला कसे हळूहळू पोखरले आणि हिंदुरावबद्दल जवळजवळ जिव्हाळा वाटावा इथपर्यंत कसे आणले, हे पाहण्यासारखे आहे. योगायोग असा की, लागू आणि फुले या दोघांचीही पडद्याआधीची वर्षे पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात गेलेली होती. लागू एका महाविद्यालयात डॉक्टर होत होते, आणि निळूभाऊ सैन्यदलाच्या महाविद्यालयाच्या बागेत माळी होते.